रुग्णवाहिकेतील नियंत्रित औषधे आणि परावैद्यक (भारत)

रुग्णवाहिकेतील नियंत्रित औषधे म्हणजे मॉर्फिन, फेंटानिल, केटामाइन, मिडाझोलाम, डायझेपाम यांसारखी, आपत्कालीन उपचारात लागणारी परंतु ज्यांचा ताबा, वापर व हिशेब कायद्याने बांधलेला आहे अशी औषधे होत. रुग्णवाहिकेत काम करणारे परावैद्यक (पॅरामेडिक व आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) ही औषधे कोणत्या अधिकाराने हाताळतात, याचे उत्तर भारतात कोणत्याही एका कायद्यात मिळत नाही. ते प्रामुख्याने गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) व त्याखालील नियम, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व त्याखालील १९४५ चे नियम, आणि आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीचे कायदे यांतून शोधावे लागते. या सर्वांचा एकत्रित अर्थ असा की, भारतात परावैद्यकाला ही औषधे बाळगण्याचा किंवा स्वतःच्या निर्णयाने देण्याचा स्वतंत्र अधिकार नाही. त्याच्या हातातील औषध कायद्याच्या दृष्टीने कोणत्या तरी डॉक्टरचे किंवा संस्थेचे असते. तसे ते दाखवता आले नाही, तर तो ताबा बेकायदा ठरू शकतो.

औषधांचे वर्ग

‘नियंत्रित औषध’ ही संज्ञा भारतीय कायद्यात ब्रिटिश कायद्याप्रमाणे एका यादीपुरती व्याख्यित नाही. एनडीपीएस कायद्यात दोन मुख्य वर्ग आहेत. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, मेथॅडोन ही ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये’ होत. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम, पेंटाझोसिन आणि ब्युप्रेनॉर्फिन हे ‘मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ असून त्यांची यादी कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत आहे. केटामाइनचा या अनुसूचीत समावेश २०११ मध्ये झाला, तर ट्रॅमाडॉलचा एप्रिल २०१८ मध्ये.

याच औषधांवर दुसऱ्या बाजूने १९४५ च्या औषध नियमांचीही बंधने आहेत. केटामाइन ‘अनुसूची एक्स’मध्ये येते. या अनुसूचीतील औषधांसाठी दोन प्रतींत चिठ्ठी लागते, त्यांतील एक प्रत विक्रेत्याला दोन वर्षे जपावी लागते आणि साठा कुलपात ठेवावा लागतो. डायझेपाम, मिडाझोलाम, ट्रॅमाडॉल ही औषधे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच-१’मध्ये आहेत व त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. विक्रीचे नियम पाळले म्हणजे एनडीपीएस कायद्याची पूर्तता झाली, असा समज औषध व्यवसायात व रुग्णालयांतही आढळतो. तो बरोबर नाही. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू असतात.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळातील अफू अधिनियम (१८५७ व १८७८) आणि घातक औषधी द्रव्ये अधिनियम, १९३० यांची जागा १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायद्याने घेतली. भारत १९६१ च्या गुंगीकारक औषधांवरील व १९७१ च्या मनःप्रभावी पदार्थांवरील आंतरराष्ट्रीय करारांचा पक्ष आहे. या दोन्ही करारांत एक लक्षणीय तरतूद आहे : आंतरराष्ट्रीय प्रवासातील जहाज किंवा विमानाने प्रथमोपचारासाठी व आणीबाणीसाठी बाळगलेला मर्यादित साठा आयात-निर्यात समजू नये. चालत्या वाहनातील औषधांचा प्रश्न करारकर्त्यांना ठाऊक होता, असे यावरून दिसते. मात्र देशांतर्गत रुग्णवाहिकेसाठी अशी स्वतंत्र तरतूद एनडीपीएस कायद्यात आली नाही. १९८५ साली भारतात सुसज्ज रुग्णवाहिका सेवा जवळजवळ नव्हतीच, हे त्याचे एक साधे कारण म्हणता येईल.

कायद्याचा पहिला मोठा परिणाम तस्करांइतकाच रुग्णांवरही झाला. मॉर्फिनसाठी राज्यागणिक वेगवेगळे अनेक परवाने घ्यावे लागत आणि चुकीला किमान दहा वर्षांच्या कारावासाची धास्ती असे. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. कायद्यापूर्वी काही शे किलोंच्या घरात असलेला देशातील वार्षिक वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत सुमारे १८ किलोवर आला. गाझीपूर व नीमच येथे सरकारी अफू कारखाने असलेल्या, औषधी अफू निर्यात करणाऱ्या देशात हे घडले. वेदनाशामक व परिहार सेवेतील डॉक्टरांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ ची दुरुस्ती झाली. तिने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधी द्रव्ये’ असा नवा वर्ग निर्माण करून त्यांचे नियमन केंद्राकडे घेतले. मे २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथॅडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी देशभर एकच पद्धत आणली. तिच्या केंद्रस्थानी ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ आहे. अशी मान्यता राज्याचा औषध नियंत्रक देतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

ताब्याचा अधिकार

एनडीपीएस कायद्याचे कलम ८ सर्व ताबा, वाहतूक व वापर यांना मनाई करते आणि मग अपवाद देते : वैद्यकीय किंवा शास्त्रीय प्रयोजन असेल तर, आणि कायदा व नियम यांत सांगितलेल्या रीतीने व मर्यादेपर्यंत. हा अपवाद दुहेरी आहे. प्रयोजन वैद्यकीय असणे पुरेसे नाही. रीतही पाळलेली असावी लागते. उत्तराखंडातील एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने, नियमांच्या अनुसूचीत नसलेल्या मनःप्रभावी औषधांना ही मनाई लागू होत नाही, असा सौम्य अर्थ लावला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने तो रद्द ठरवला. त्यामुळे औषध दुकानात चिठ्ठीवर मिळणारे डायझेपामचे इंजेक्शनही या कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही.

अत्यावश्यक गुंगीकारक औषधे कोणाकडे असू शकतात, हे नियम ५२-अ सांगतो. रुग्ण स्वतःसाठी रीतसर मिळालेले औषध बाळगू शकतो. मान्यताप्राप्त संस्था साठा ठेवू शकते. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक आपल्या व्यवसायासाठी ठराविक मर्यादेत औषध ठेवू शकतो, परंतु विकू शकत नाही. मॉर्फिनची ही मर्यादा ५०० मिलीग्रॅम आहे, म्हणजे दहा मिलीग्रॅमची पन्नास अँप्युल. फेंटानिलच्या बाबतीत ती केवळ त्वचेवर लावायच्या दोन पट्ट्यांपुरती आहे. त्याहून अधिक साठ्यासाठी औषध नियंत्रकाचा विशेष आदेश लागतो. मर्यादा ठरवताना घरी अंथरुणाला खिळलेला कर्करोगाचा रुग्ण नजरेसमोर होता, अपघातग्रस्त नव्हे, हे या पट्ट्यांवरून ध्यानात येते. वेदनेने तळमळणाऱ्या अपघातग्रस्ताला हळूहळू झिरपणाऱ्या पट्टीचा काही उपयोग नसतो.

परावैद्यकाच्या दृष्टीने या नियमाचे स्पष्टीकरण सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘व्यवसायासाठी वापर’ म्हणजे, त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली असलेल्या रुग्णाला मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार औषध प्रत्यक्ष देणे, एवढेच. सुई कोणाच्या हाताने टोचली जावी, हे तेथे म्हटलेले नाही. परिचारिका प्रभागात डॉक्टरच्या आदेशाने मॉर्फिन देते, ते याच आधारावर. आणि परावैद्यकही त्याच आधारावर ते देऊ शकतो. अट एकच, की त्या क्षणी रुग्ण डॉक्टरच्या देखरेखीखाली असला पाहिजे. रुग्णालयाच्या प्रभागात ही अट आपोआप पूर्ण होते. धावत्या वाहनात ती पूर्ण होते की नाही, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

मनःप्रभावी पदार्थांबाबत नियम ६६ काहीसा सैल आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा धर्मादाय रुग्णालये आपल्या खऱ्या वैद्यकीय गरजेपुरता ‘वाजवी’ साठा ठेवू शकतात. वाजवी म्हणजे किती, याचा आकडा नियमात नाही. म्हणून आकडीच्या रुग्णासाठी मिडाझोलाम ठेवणे मॉर्फिन ठेवण्यापेक्षा कायद्याने सोपे आहे.

महाराष्ट्रातील १०८ सेवा

महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये १०८ या क्रमांकावर सुरू झाली. आरंभीच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक व ७०४ मूलभूत जीवरक्षक होत्या; नियंत्रण केंद्र पुण्यात औंध येथे आहे. इतर अनेक राज्यांत १०८ च्या गाडीत तंत्रज्ञ व चालक असतात. महाराष्ट्राने मात्र गाडीत डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली. वरील नियमांच्या प्रकाशात पाहिले असता या निर्णयाचे एक फलित सहसा उल्लेखिले जात नाही : ‘डॉक्टरच्या देखरेखीखालील रुग्ण’ ही अट तत्त्वतः गाडीतच पूर्ण होऊ शकते.

तत्त्वतः असे म्हणण्याचे कारण आहे. या सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांत आयुर्वेद पदवीधरांचे प्रमाण मोठे आहे. डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य (१९९८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, राज्याने कायद्यानुसार परवानगी दिलेली असेल तरच भारतीय चिकित्सा पद्धतीचे पदवीधर आधुनिक औषधे लिहू शकतात, असे ठरवले. त्यामुळे अशा अधिकाऱ्याचा नियंत्रित औषधांबाबतचा अधिकार त्याच्या राज्य नोंदणीवर व राज्याच्या आदेशावर अवलंबून राहतो. त्याच्या सोबतच्या परावैद्यकाचा अधिकार त्याहून मोठा असू शकत नाही.

परावैद्यकांची व्यावसायिक ओळख अलीकडच्या काळात कायद्यात आली. महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ नंतर केंद्राचा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ लागू झाला. त्याच्या अनुसूचीत आघात, भाजणे व भूलशास्त्र यांच्याशी संबंधित गटात आपत्कालीन तंत्रज्ञ व प्रगत परावैद्यक यांची नावे आहेत. तथापि सहयोगी व्यावसायिकाची व्याख्याच ‘डॉक्टर, परिचारिका किंवा अन्य आरोग्य व्यावसायिकाने सुचवलेल्या उपचाराच्या अंमलबजावणीस साहाय्य करणारा’ अशी आहे. या अधिनियमाने औषध लिहून देण्याचा किंवा एनडीपीएस कायद्याखाली ताबा ठेवण्याचा अधिकार दिलेला नाही.

सावेडीच्या वाटेवरचा रुग्ण

या नियमांचा प्रत्यक्ष परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून समजतो. सावेडी हे अहिल्यानगर शहराचे मनमाड रस्त्याकडील उपनगर असून तेथे अनेक खासगी रुग्णालये आहेत. पुणे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, मनमाड व कल्याण या दिशांचे महामार्ग शहरात एकत्र येत असल्याने ग्रामीण भागातील अपघातग्रस्त मोठ्या संख्येने येथे आणले जातात. राहुरीजवळ दुचाकीच्या अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला विळद घाटमार्गे सावेडीत आणायचे आहे, असे समजू. अंतर तीस-पस्तीस किलोमीटरचे आहे. रस्त्यातील प्रत्येक खड्ड्यागणिक मोडलेले हाड हलते. अशा वेळी शिरेतून दिलेले मॉर्फिन, फेंटानिल किंवा अल्प मात्रेतील केटामाइन हा जगभर मान्य उपचार आहे.

हा रुग्ण १०८ च्या प्रगत गाडीत असेल आणि गाडीतील डॉक्टर त्यासाठी अधिकारप्राप्त असेल, तर परावैद्यक त्याच्या आदेशाने औषध देऊ शकतो. गाडीतला साठा ज्या संस्थेच्या नोंदवहीतून निघाला, तिला मॉर्फिन व फेंटानिलसाठी मान्यता असावी लागते. सावेडीतील एखाद्या खासगी रुग्णालयाने स्वतःची गाडी व परावैद्यक पाठवला, परंतु डॉक्टर रुग्णालयातच थांबला, तर परिस्थिती बदलते. रुग्णालयाला मान्यता असली, तरी त्या डॉक्टरने रुग्णाला पाहिलेले नाही; रुग्ण त्याच्या देखरेखीखाली आहे असे म्हणणे कठीण होते. तिसरी शक्यता ग्रामीण भागात नेहमीची आहे : केवळ स्ट्रेचर व प्राणवायूची टाकी असलेली खासगी गाडी. तिच्यात असे एखादे अँप्युल सापडले, तर त्याला कायद्याचा कोणताच आधार नाही. तरुणाची वेदना तिन्ही गाड्यांत सारखीच असते.

दूरध्वनीवरून डॉक्टरने आदेश द्यावा व परावैद्यकाने औषध द्यावे, हा मार्ग सहज सुचतो. परंतु २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी अनुसूची एक्समधील औषधे आणि एनडीपीएस कायद्यातील गुंगीकारक व मनःप्रभावी औषधे दूरस्थ सल्ल्यात लिहून देण्यास मनाई असलेल्या यादीत टाकली. ही तत्त्वे घरबसल्या सल्ला घेणाऱ्या रुग्णाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली. नियंत्रण केंद्रातील डॉक्टर आणि घटनास्थळी प्रशिक्षित परावैद्यक यांच्यातील संवाद हा निराळा प्रसंग आहे, असा युक्तिवाद करता येतो. मात्र त्याला स्पष्ट वाचिक आधार नाही आणि एनडीपीएस कायद्यात संदिग्धतेची किंमत परावैद्यकाने मोजण्याचा धोका राहतो.

परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार (१९८९) या निकालाने अपघातग्रस्ताला तातडीने उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले आहे. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने ‘सुवर्ण तासा’ची व्याख्या आली. यांपैकी कशानेही एनडीपीएस कायद्यातील रीत शिथिल झालेली नाही.

कुलूप, नोंद आणि उरलेले औषध

प्रत्यक्ष कामात वाद उद्भवतात ते औषध देण्यावरून कमी आणि हिशेबावरून अधिक. मान्यताप्राप्त संस्थेला आलेला, दिलेला व शिल्लक साठा दररोज नोंदवावा लागतो, वार्षिक गरजेचा अंदाज व वापराचे विवरण सादर करावे लागते आणि अभिलेख दोन वर्षे जपावे लागतात. रुग्णवाहिका ही संस्थेच्या भांडाराची एक चालती शाखा मानली, तरच हा हिशेब जुळतो. म्हणून पाळी बदलताना जाणारा व येणारा कर्मचारी दोघांनी मिळून अँप्युल मोजणे, दोघांच्या सह्या घेणे, किल्ली एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे असणे आणि प्रत्येक मात्रेपुढे रुग्णाचे नाव, वेळ व आदेश देणाऱ्या डॉक्टरचे नाव लिहिणे ही पद्धत रुग्णालये अवलंबतात. नियमांत यांतील प्रत्येक गोष्ट शब्दशः लिहिलेली नाही. चौकशीच्या वेळी परावैद्यकाचा बचाव मात्र याच कागदांवर उभा राहतो.

उरलेल्या औषधाचा प्रश्न विशेष नाजूक आहे. पंधरा मिलीग्रॅमच्या अँप्युलमधून पाच मिलीग्रॅम दिले, तर दहा मिलीग्रॅम उरते. ते साक्षीदारासमोर नष्ट करून, दिलेली व नष्ट केलेली मात्रा वेगवेगळी लिहून दोघांनी सही करावी, ही मान्य प्रथा आहे. सुईतले उरलेले औषध ‘पुढच्या रुग्णासाठी’ खिशात ठेवणे हा जंतुसंसर्गाचा धोका आहेच; शिवाय तो नोंदीबाहेरचा ताबाही आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार मुदतबाह्य व टाकाऊ औषधे पिवळ्या वर्गात, तर अँप्युलची काच निळ्या वर्गात जाते. मुदतबाह्य मॉर्फिन नोंदवहीतून कमी न करता थेट पिवळ्या पिशवीत टाकले, तर कचऱ्याचा नियम पाळला जातो आणि हिशेबाचा मोडतो.

शिक्षा आणि ताब्याचे गृहीतक

परवानाधारकाने किंवा त्याच्या कर्मचाऱ्याने वाजवी कारणाशिवाय हिशेब न ठेवल्यास कलम २६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अधिकारच नसताना ताबा असेल, तर कलम २१ व २२ लागू होतात आणि शिक्षा प्रमाणावर ठरते : अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत, मधल्या प्रमाणास दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणास दहा ते वीस वर्षे. मॉर्फिनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत व व्यापारी प्रमाण २५० ग्रॅमपासून आहे.

रुग्णवाहिकेतील मिलीग्रॅमचा साठा अल्पच ठरेल, असे वाटते. पण हिशेब इतका सरळ नाही. हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार (२०२०) या निकालानुसार शुद्ध औषधाचे नव्हे, तर मिश्रणाचे एकूण वजन धरायचे असते. एक मिलीलीटरच्या पन्नास अँप्युलमध्ये मॉर्फिन अर्धा ग्रॅम असते, परंतु द्रावणाचे वजन सुमारे पन्नास ग्रॅम भरते. या न्यायाने मोजल्यास तो साठा अल्प प्रमाणाच्या पलीकडे जातो.

कायद्यात ताबा ‘जाणीवपूर्वक’ असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. तथापि कलम ३५ व ५४ नुसार वस्तू ताब्यात सापडली की दोषी मनःस्थिती गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. पेटीत काय आहे हे ठाऊक नव्हते, असे परावैद्यकाला म्हणता येत नाही, कारण पेटी तपासणे हे त्याचे कामच असते. त्याच्या बाजूचा खरा पुरावा म्हणजे संस्थेचे लेखी अधिकारपत्र व नोंदवही.

अन्य देशांतील पद्धती

ब्रिटनमध्ये नोंदणीकृत परावैद्यकांना गृह खात्याच्या सामूहिक अधिकारपत्राने मॉर्फिन व डायझेपाम बाळगण्याची मुभा आहे. अधिकार तेथे व्यवसायाच्या नोंदणीशी जोडलेला आहे. प्रत्येक वेळी डॉक्टरची उपस्थिती लागत नाही. २०१८ पासून उच्च प्रशिक्षित परावैद्यकांना औषध लिहून देण्याचा अधिकार मिळाला आणि २०२३ च्या अखेरीस त्यात मॉर्फिन, डायझेपाम, मिडाझोलाम, लोराझेपाम व कोडीन या पाच नियंत्रित औषधांची भर पडली.

अमेरिकेची अडचण भारताच्या अधिक जवळची होती. तेथेही नियंत्रित पदार्थांचा जुना कायदा रुग्णवाहिकेचा विचार न करता लिहिलेला होता आणि डॉक्टरने आधीच लिहून ठेवलेल्या स्थायी आदेशांवर परावैद्यक औषध देत, ती प्रथा कायद्यात बसत नव्हती. नोव्हेंबर २०१७ च्या कायद्याने रुग्णवाहिका सेवेलाच नोंदणी घेण्याची सोय केली आणि वैद्यकीय संचालकाचे स्थायी आदेश वैध ठरवले. परावैद्यकाला स्वतंत्र अधिकार न देताही धावत्या वाहनातील ताब्याला कायदेशीर मालक मिळाला. भारतात मान्यताप्राप्त संस्थेची रचना आधीच अस्तित्वात असल्याने, रुग्णवाहिका सेवेला अशी संस्था मानणे व स्थायी आदेशांना नियमांत स्थान देणे हा बदल मूळ कायद्याला फारसा हात न लावता नियमदुरुस्तीने करता येण्याजोगा आहे.

तोपर्यंत ज्या गाड्यांत वरील औषधे ठेवलेली नसतात, तेथे वेदनेसाठी एनडीपीएस कायद्याबाहेरील पॅरासिटामॉल व डायक्लोफेनॅक यांची इंजेक्शने, तसेच मोडलेला अवयव फळीने नीट बांधणे यांवर भर राहतो. आकडी थांबवण्यासाठी मात्र पहिल्या पसंतीची बहुतेक औषधे डायझेपामच्याच कुळातील, म्हणजे याच कायद्याच्या कक्षेतील आहेत.